पदवी आणि हातातले कसब

‘बी.ए. होऊन पुढे काय?’ गावी गेलो की पारावर कोणीतरी हा प्रश्न विचारतेच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे उत्तर घरात मिळत नाही. म्हणून हा विषय जरा मुळातून पाहावा असे वाटले.

शिक्षणात कामाला स्थान द्यावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते ‘कमवा व शिका’ या पायावर. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. आमच्या शाळेत पोहोचेपर्यंत मात्र त्याची कागदी फुले झाली होती! तीही बहुधा ताईने केलेली.

खरे कसब कसे येते ते मी चुलतभावाकडे पाहिले. तो आय.टी.आय.त फिटर ट्रेडला आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सुरुवातीचे कित्येक दिवस एकच काम. लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये पकडून कानशीने घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येतो. तिथे ‘साधारण बरोबर’ चालत नाही. आमच्या निबंधांत ते खुशाल चालते.

पण संस्थेतले यंत्र वेगळे, कारखान्यातला वेग वेगळा. त्यासाठीच १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा त्याखालील नियम आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही हे दार उघडले. म्हणजे आपणही त्यात बसतो. वर्गात विचारले, तर बहुतेकांना हे ठाऊकच नव्हते.

तरीही मुलांना लवकर यंत्राला जुंपावे, या मताचा मी नाही. हाताचे काम आमच्या घराला नवे नाही. कागद वाचणे नवे आहे. वडिलांनी मजुरीच्या हजेरीपत्रकावर वर्षानुवर्षे अंगठा उठवला, आणि दिवस किती मांडले हे त्यांना कधी कळले नाही. उद्या भावाच्या उमेदवारीचा करार येईल, तेव्हा त्यातले विद्यावेतनाचे कलम वाचता येणे हेही कसबच होय.

एक सूचना करतो. आपल्या जिल्ह्यातील कोणती आस्थापने शिकाऊ उमेदवार घेतात, त्यांची यादी वाचनालयाच्या फलकावर लागावी. प्राध्यापकांनी परवानगी दिल्यास ती जमवण्याचे काम मी दिवाळीच्या सुट्टीत करीन.