मोटारीतील मुका ध्वनिवर्धक

मोटारीतील रेडिओची दर्शनी पट्टी उजळते, परंतु आवाज उमटत नाही. डिकीत बसविलेल्या ध्वनिवर्धकावरील लहानसा दिवाही लागलेला नसतो. अशा वेळी ध्वनिवर्धकच जळाला असा तर्क सामान्यतः केला जातो व नवे यंत्र विकत आणले जाते. पुष्कळदा ते नवे यंत्रही तसेच मुके राहते; कारण दोष यंत्रात नसून त्याला वीज पोचविणाऱ्या मार्गात असतो. हा मार्ग क्रमाने कसा तपासावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

तीन तारा, तीन कामे

ध्वनिवर्धक सुरू होण्यास तीन तारा लागतात. पहिली जाड तार बॅटरीच्या धन अग्रापासून निघते. तिच्यावर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज बसविलेला असतो. दुसरी तितकीच जाड तार ध्वनिवर्धकास गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडते. सांगाडा बॅटरीच्या ऋण अग्रास जोडलेला असल्यामुळे वीज याच वाटेने परतते. तिसरी तार बारीक व बहुधा निळी अथवा निळी-पांढरी असते. रेडिओ लावताच तिच्यातून सुमारे १२ व्होल्टचा संकेत येतो व ध्वनिवर्धक जागा होतो. या तिहींपैकी एक जरी तुटली, तरी यंत्र निश्चेष्ट राहते.

मापकाने तपासणी

तारा सोडविण्यापूर्वी किंवा पुन्हा जोडण्यापूर्वी बॅटरीच्या ऋण अग्राची जोडणी प्रथम काढावी. १२ व्होल्टचा दाब शरीरास सहसा धक्का देत नाही. परंतु धन अग्र व सांगाडा यांना पाना एकाच वेळी टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून पाना क्षणात तापतो. मोजमापाच्या वेळी मात्र जोडणी पूर्ववत करावी लागते.

इंजिन बंद असता पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. ध्वनिवर्धकाच्या धन व ऋण खुंट्यांमध्ये मापकाने जवळपास तेवढाच दाब दाखविला पाहिजे. तो शून्य आल्यास मापकाची धन खुंटीवरील तार तशीच ठेवून दुसरी तार सांगाड्याच्या रंग नसलेल्या धातूस टेकवावी. आता दाब दिसला, तर ऋण जोडणी सदोष आहे. अजूनही शून्यच असेल, तर दोष धन तारेत किंवा तिच्या फ्यूजमध्ये आहे. फ्यूजच्या एका टोकाशी दाब असून दुसऱ्या टोकाशी नसेल, तर तो वितळला असे समजावे.

यानंतर रेडिओ लावून बारीक तारेचा दाब मोजावा. तो न मिळाल्यास १ अँपिअरचा फ्यूज असलेल्या तारेच्या तुकड्याने ध्वनिवर्धकाची धन खुंटी त्याच्या संकेत-खुंटीस क्षणभर जोडावी. दिवा लागला, तर ध्वनिवर्धक वीज घेऊन जागा होतो हे सिद्ध झाले. दोष बारीक तारेत किंवा रेडिओत आहे.

मापक फसवितो तेव्हा

मापकाने पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवूनही यंत्र सुरू होत नाही, असे कधी कधी घडते. पावसाळी दमट हवेत सांगाड्यावरील जोडणी गंजते. समजा, त्या गंजाचा रोध १०० ओहम आहे. अंकदर्शी मापकाचा स्वतःचा रोध साधारणपणे १ कोटी ओहम असतो. त्याच्यापुढे १०० ओहम नगण्य ठरतात व आकडा निर्दोष दिसतो. परंतु ओहमने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, १२.६ व्होल्ट दाबाने १०० ओहममधून फार तर ०.१२६ अँपिअर प्रवाह वाहू शकतो. एवढ्यावर ध्वनिवर्धक कसा चालणार?

म्हणून त्याच दोन खुंट्यांमध्ये गाडीच्या वळणदर्शक दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. बल्ब लखलखीत पेटला तर मार्ग मोकळा आहे. मंद राहिला किंवा पेटलाच नाही, तर जोडणीचा गंज व रंग खरवडून ती घट्ट बसवावी.

फ्यूज काय सांगतो?

वितळलेला फ्यूज हा गुन्हेगार नव्हे, साक्षीदार होय. मुख्य फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तार कोठे सांगाड्यास घासली आहे काय, धन व ऋण जोडण्यांची अदलाबदल झाली आहे काय, हे प्रथम शोधावे. तोच फ्यूज पुनःपुन्हा जातो म्हणून मोठा बसविणे घातक आहे. जूलने १८४१ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० अँपिअरऐवजी ४० अँपिअरचा फ्यूज घातल्यास तीच तार चौपट तापू शकते. मग फ्यूजऐवजी तारेचे वेष्टनच वितळते व गाडीस आग लागते.

दिवा तांबडा लागत असेल, तर वीज पोचत आहे. यंत्राने स्वसंरक्षणार्थ काम थांबविले आहे. यंत्र बंद करून स्पीकरच्या सर्व तारा काढाव्यात व पुन्हा सुरू करावे. तांबडा दिवा आता लागला नाही, तर स्पीकर किंवा त्याची तार सदोष आहे.

तिन्ही तारा भारासह निर्दोष ठरल्या, यंत्रावरील फ्यूजही शाबूत आहे, तरीही दिवा लागत नाही, किंवा स्पीकर काढूनही तो तांबडाच राहतो, अशा वेळीच दोष यंत्राच्या पोटात आहे असे म्हणता येईल. तेथून पुढचे काम कुशल कारागिराचे आहे.