लिंबाखालची पोरं

चि. छकुली,

(शाळेत आता तुला ‘बाई’ म्हणतात, पण माझ्या हाताला हेच वळण आहे.)

‘निम्मी मुलं लिंबाखाली बसून राहतात, खेळतच नाहीत,’ असं तू लिहितेस. त्यांना आळशी ठरवण्याआधी एक कर. त्यातलं एकच मूल हेर आणि पुढच्या खेळाच्या तासाला ते किती वेळ खरोखर हललं, हे घड्याळात बघ. मला ही बुद्धी निवृत्तीच्या तोंडावर सुचली. पस्तीस मिनिटांच्या तासात मी हेरलेला जाडसर पोरगा जेमतेम चार मिनिटं हलला होता. हजेरी, रांगा, गट पाडणं, मग डॉजबॉल, आणि पहिल्याच चेंडूला बाद. ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच मी आधी बाहेर बसवत होतो!

तेव्हा बाद झालेल्याला बसवू नकोस, रिंगणावर चेंडू मारायला उभं कर. खो-खो बघ ना. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. कितीही चपळ असो, कुणाला तरी खो द्यावाच लागतो. तरी पोरं हुशार असतात, मंद गड्याला बरोबर टाळतात. म्हणून आपला घरचा नियम: प्रत्येक डावात बसलेल्या आठही जणांना खो मिळालाच पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे कर्णधार आपल्याकडचेच. पण असलं सांगून लिंबाखालचं पोर उठत नाही. सांगून बघितलंय.

कप्तानांना गडी निवडू देऊ नकोस; शेवटी उरलेल्या पोराचा चेहरा एकदा नीट बघ, म्हणजे कळेल. मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून तर मुळीच नकोत. आपणच पळण्याला शिक्षा बनवलं, आता पोरांनी ते हौसेनं कसं करावं? आणि ‘पोटात दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलीला चारचौघांत कारण विचारू नकोस. तिच्या हाती शिट्टी दे.

सहामाही जवळ आली की गणिताचे सर तुझा तास मागतील. देऊ नकोस. उलट त्यांनाच खो-खोचं मैदान आखायला बोलाव. 27 मीटर बाय 16 मीटर. दोन्ही कर्ण सव्वाएकतीस मीटरच्या किंचित वर, सारखे आले तरच कोपरे काटकोनात बसतात. फक्कीचं अर्धं पोतं माझ्याकडे पडून आहे, दिवाळीला आलीस की घेऊन जा.

तुझा,
काका