मान, मनसब आणि माणूस

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. याच तालुक्यात, गोदावरीच्या काठी, राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या रणात पडला. ‘राजा प्रतापवंत’ हा त्याचा किताब. दरबार, सैन्य आणि गाव या तिन्ही ठिकाणच्या पायऱ्या या परिसराने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवल्या आहेत.

सैन्यातील पायऱ्या

मोगलांच्या मनसबदारीत माणसाची योग्यता आकड्यात सांगितली जाई. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. हा अपमान त्यांनी सहन केला नाही. पुरंदरच्या तहानंतर बालवयीन संभाजीराजांनाच पंचहजारी मनसब मिळाली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या संतापाचे कारण कळते.

महाराजांच्या स्वतःच्या घोडदळातही दर्जे होते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत अशी ती रचना होती. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार तो स्वतःचा आणी. अधिकाऱ्यांना जहागिरीऐवजी रोख वेतन देण्यावर महाराजांचा कटाक्ष असे. हुद्दा कामासाठी असावा, वारशाने चालू नये, हे त्यामागील तत्त्व होय.

संस्थान आणि गाव

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे खान, जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह असे किताब चढत्या श्रेणीने दिले जात. पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. कारभाराच्या उतरंडीत वर सुभेदार, त्याखाली तालुकदार व तहसीलदार होते. गावात वसुलीसाठी माली पाटील, बंदोबस्तासाठी पोलीस पाटील आणि दप्तरासाठी कुलकर्णी असे.

सैन्यातला शिपाई पराक्रमाने हवालदार होऊ शके. गावातील पायरी मात्र जन्माबरोबरच ठरलेली असे. पोळ्याला प्रथम कोणाचे बैल निघावयाचे, हे वतनावरून ठरे व त्यावरून तंटे होत. सुतार, लोहार, कुंभार यांच्या श्रमावर शेती चाले, तरी त्यांचा वाटा बलुत्यापुरताच राही. सीमेचा साक्षीदार व गावाचा निरोप्या असलेल्या महाराला तर गावकुसाबाहेरच राहावे लागे.

समतेकडे वाटचाल

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिरी नष्ट करण्यात आल्या. १९५० पासून अमलात असलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तर अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. १९७१ मध्ये माजी संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा अनिवार्य केल्या.

अधिकाराच्या पायऱ्या आजही आहेत व कारभारासाठी त्या लागतातच. परंतु सरपंचाची खुर्ची मुदतीची आहे, वतनाची नव्हे. त्या खुर्चीवर पूर्वीच्या गावकुसाबाहेरील कुटुंबातली स्त्री बसते, तेव्हा तिच्यासमोर गावाने पूर्वीच्याच अदबीने बोलावे, ही या परिवर्तनाची खरी कसोटी होय. कायद्याने वतन गेले. मनातील वतन सोडणे हे गावाचेच काम आहे.