लेकराची सहल आणि पुडीवरचा अंक

चैत्र-वैशाखाचे दिवस. शेतातली कामे थोडी कमी असतात. मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेली मुले घरी येतात. मग घरात बोलणे निघते, "चला, एखादा दिवस कुठे तरी जाऊन येऊ."

जावे, जरूर जावे. आपला बुलढाणा जिल्हा पाहण्यासारखा आहे. घाटाखाली शेगाव आहे. तेथे गजानन महाराजांची समाधी आहे. घाटावर सिंदखेड राजा आहे, लोणार आहे. पण घरात वर्ष-दोन वर्षांचे लेकरू असेल, तर थोडा विचार करून जावे. आमच्या घरी काय घडले, ते सांगतो.

गेल्या वैशाखात आम्ही लोणारला गेलो. मी, माझी पत्नी, मुलगा, सूनबाई आणि दीड वर्षाचा नातू. लोणारचे सरोवर म्हणजे मोठे नवलच आहे. फार फार जुन्या काळी आकाशातून एक मोठा दगड येऊन आदळला. त्याला उल्का म्हणतात. त्या माराने काळ्या कातळात प्रचंड खड्डा पडला. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटर अंतर आहे. त्यातले पाणी खारट आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले होते. पुष्कळ लोक घाबरले. पण शास्त्रज्ञांनी पाणी तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अगदी बारीक जीवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी या सरोवराचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. त्या यादीला रामसर यादी म्हणतात.

आमची चूक अशी झाली. निघायलाच उशीर झाला. एस.टी.तून उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. वर ऊन, खाली तापलेला दगड. तरी मुलगा म्हणाला, "इतके आलो, तर खाली जाऊनच येऊ." उतरताना काही वाटले नाही. चढताना मात्र सगळ्यांना धाप लागली. लेकरू आधी रडत होते. मग रडायचेही थांबले. ओठ सुकले. सकाळपासून त्याने लघवी केली नव्हती. वर येऊन झाडाखाली बसलो. सूनबाईने त्याला अंगावर पाजले. जरा तरतरी आली. तेवढ्यात मीच गाडीवरचे कापलेले टरबूज घेतले. त्यावर माशा बसत होत्या. ते लेकराच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे लेकराला जुलाब सुरू झाले. तीन झाले, चार झाले. शेजारची म्हातारी आली. म्हणाली, "मास्तर, पानी तोडा लेकराचं. पानी दिलं की जुलाब वाढते."

ही समजूत खोटी आहे. जुलाबात अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून काढले नाहीत, तर लेकरू दगावू शकते. हे मला ठाऊक होते. आशाताईंनी दिलेल्या ओआरएसच्या दोन पुड्या घरात होत्या. मी एक पुडी फाडली. पेल्यात पाणी घेतले. सगळी पुडी पेल्यात ओतली आणि ढवळू लागलो.

पत्नीने फाटकी पुडी उचलली. डोळ्यांजवळ नेली. अक्षर अक्षर लावून वाचले आणि म्हणाली, "अहो, थांबा! यावर एक लिटर लिहिलं आहे. पेल्यात काहून टाकलं?"

माझा हात थांबला. मंडळी, खरे सांगतो, मला घाम फुटला. एक पुडी एक लिटर पाण्यात टाकायची असते. पेलाभर पाण्यात ती टाकली, तर मीठ फार होते. मग अंगातले पाणी भरून निघत नाही. उलट त्रास वाढतो. लेकराला झटकेसुद्धा येऊ शकतात.

मी जन्मभर शाळेत शिकवले. गावोगावच्या पोरांना अक्षरे लावून दिली. पण घरच्या बाईला शिकवायचे राहून गेले. दिव्याखाली अंधार, तसे झाले. साठीला टेकल्यावर ती साक्षरता वर्गात जाऊ लागली. मी मनात हसायचो. आता या वयात शिकून काय करणार? त्या पहाटे मला उत्तर मिळाले. वाचता येणारा मी गडबडीत न वाचता पुडी ओतत होतो. नवीन शिकलेल्या आजीने ती वाचली.

पेल्यातले पाणी फेकले. दुसरी पुडी घेतली. पाणी उकळून गार केले, एक लिटर मोजले, त्यात पुडी टाकली. मग चमच्याचमच्याने पाजले. अंगावरचे दूधही चालू ठेवले. उजाडल्यावर आरोग्य उपकेंद्रात नेले. तेथे जस्ताच्या गोळ्या मिळाल्या. जुलाब थांबले, तरी चौदा दिवस त्या द्यायच्या असतात. चौथ्या दिवशी लेकरू अंगणात मांजरीच्या मागे धावू लागले.

आता काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पुडी वाचा. काही पुड्या १ लिटर पाण्यासाठी असतात. काही लहान पुड्या २०० मिलीलिटर पाण्यासाठी असतात. अंक पाहून पाणी मोजा. केलेले पाणी २४ तासांत संपवा. उरले तर फेका. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा.

लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी बसू नका. लगेच दवाखान्यात न्या. उन्हाने अंग भट्टीसारखे तापले आणि लेकरू हाकेला ओ देईना, तर सावलीत न्या. कपडे सैल करा. अंग गार पाण्याने पुसा, वारा घाला आणि १०८ नंबरला फोन करा. ती रुग्णवाहिका फुकट येते.

लेकराला घेऊन जायचे तर पहाटे निघा. दुपारी सावलीत थांबा. घरचे पाणी, घरची भाकरी बरोबर घ्या. जत्रेत, देवळात गर्दी असते. लेकराच्या खिशात चिठ्ठी ठेवा. तिच्यावर वडिलांचे नाव, गाव आणि फोन नंबर लिहा. आता तुम्हांला लिहिता येते. ती चिठ्ठी तुमच्याच हाताने लिहा.

सहल रोज होत नाही. पण अंगण रोज आहे. सकाळी आणि ऊन उतरल्यावर लेकराला निंबाखाली खेळू द्या. ओली वाळू द्या, मातीची बोळकी द्या. लोटीने तुळशीला पाणी घालू द्या. त्याच्याशी बोला. "हे पान, ही मुंगी, तो कावळा" असे सांगा. ऐकता ऐकता लेकरू बोलायला शिकते. घमेल्यात पाणी देऊन खेळवाल, तर जवळून हलू नका. वीतभर पाण्यातही लेकरू बुडते. खेळ झाला की घमेले पालथे करा. विहीर, हौद झाकून ठेवा. एरंडाच्या बिया, कण्हेर, धोतरा यांपासून लेकराला दूर ठेवा. ही झाडे विषारी आहेत. फवारणीचे औषध कुलपात ठेवा. शेंगदाणा, फुटाणा अख्खा देऊ नका. तो घशात अडकतो.

यंदा आम्ही पुन्हा सहलीला गेलो. या वेळी सिंदखेड राजाला. पहिल्या गाडीने निघालो. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो वाडा पाहिला. आजीने नातवाला कडेवर घेतले आणि फलकावरचे नाव बोट लावून वाचले, "जि-जा-ऊ." नातू म्हणाला, "जिजा!" ऊन चढायच्या आत आम्ही सावलीत बसून भाकरी सोडली होती.

प्रश्न
१. जुलाब झालेल्या लेकराचे पाणी का तोडू नये?
२. पुडी फाडण्याआधी तिच्यावर काय वाचावे?
३. घमेल्यातला खेळ संपल्यावर काय करावे?
४. तुमच्या घरच्या लेकरासाठी खिशात ठेवायची चिठ्ठी लिहा.