आधी आडोसा, मग कपडे

शाळेतली परिचारिका म्हणून माझ्याकडे ताप आणि फुटलेले गुडघे येतात, तशीच कपड्यांची संकटंही येतात. पहिलीतल्या मुलाची चड्डी ओली होते, खो-खो खेळताना स्कर्टची शिवण उसवते, पाळी अचानक सुरू होते. त्यातली एक घटना सांगायलाच हवी.

सहावीतली एक मुलगी दोन तास बाकावरून उठली नाही. फळ्याजवळ बोलावलं तरी मान खाली. शिक्षकांना तो उद्धटपणा वाटला आणि त्यांनी तिला वर्गासमोर उभं केलं. मागून हसू फुटलं. माझ्याकडे आली तेव्हा ती रडून थकली होती. स्कर्टवरचा पाळीचा डाग लगेच निघाला, पण पुढे कित्येक दिवस तिने शाळेत पाऊल टाकलं नाही. शाळेत पॅड होते, खोली होती, मीही होते. कुणालाही कारण न सांगता तिथवर पोहोचायची सोय तेवढी नव्हती.

ती सोय आधी करा. ‘सिस्टरकडे जाऊ का?’ एवढं मुलाने विचारलं की पाठवायचं, वर्गात कारण विचारायचं नाही. सोबत मैत्रीण किंवा मित्र द्यावा, कमरेला बांधायला स्वेटर द्यावा.

कपाटात इलॅस्टिकच्या चड्ड्या आणि स्कर्ट वेगवेगळ्या मापांत ठेवा, तेही गणवेशाच्याच रंगाचे. वेगळ्या रंगाचा उसना कपडा सगळ्या शाळेला बातमी देतो. आतले कपडे कोरे असावेत. पॅड, टॉवेल, साबण, सेफ्टी पिना, सुईदोरा आणि आरपार न दिसणाऱ्या पिशव्या हव्यातच. मूल स्वतः बदलू शकत असेल तर पडद्याआड त्यालाच बदलू द्या. लहानग्याला मदत लागली, तर त्याला विचारून, मावशींना सोबत घेऊन करा. मग पालकांना फोन करा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकू नका.

रक्ताचा डाग थंड पाण्यानेच धुवावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. चेनमध्ये कातडी अडकली तर चेन ओढू नका. मुलाला शांत बसवा, पालकांना कळवा आणि डॉक्टरांकडे न्या.

एखाद्या मुलाचे कपडे वारंवार ओले होत असतील, तर रागावून उपयोग नाही. बद्धकोष्ठ, लघवीच्या मार्गातला संसर्ग, मधुमेह किंवा मनातली भीती, यांपैकी काहीही कारण असू शकतं. शाळेचं स्वच्छतागृह घाण असलं तर मुलं दिवसभर लघवी दाबून ठेवतात, हेही मी पाहते. आधी स्वच्छतागृह तपासा, मग मुलाला डॉक्टरांना दाखवा.

काही मुलींना नवव्या वर्षीच पाळी येते, म्हणून त्याबद्दल चौथीतच बोलायला हवं. महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांना ठेवलं होतं. पण पॅड बदलायला कडी लागणारं दार, पाणी आणि झाकणाची कचरापेटी नसेल, तर स्वस्त पॅडही दप्तरातच राहतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे: मूल उठत नसेल तर त्याला वर्गासमोर उभं करू नका. बाकाजवळ जाऊन हळू आवाजात विचारा आणि माझ्यासारख्या परिचारिकेकडे पाठवा. पुढचं आम्ही बघतो.