दुखत नाही म्हणून थांबू नका

दाढ ठणकू लागली की माणूस रात्री बारा वाजतासुद्धा डॉक्टरांचे दार ठोठावतो. पायात काटा मोडला तर तिथेच बसून काढतो. दुखणे आपल्याला थांबायला लावते. स्तनाच्या कर्करोगात मात्र सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. आंघोळ करताना ती हाताला लागते, "असेल काहीतरी" म्हणून बाई पदर सावरते आणि चुलीकडे वळते. त्यात सहा महिने, कधी वर्षही निघून जाते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोग लहान असताना सापडला तर बरे होण्याची शक्यता खूपच अधिक असते, आणि पुष्कळदा पूर्ण स्तन काढावाही लागत नाही.

काय दिसले तर दाखवावे?

स्तनात किंवा काखेत नवी गाठ. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड आत ओढले जाणे. बोंडातून रक्त किंवा लालसर पाणी येणे. बोंडावरची खपली किंवा जखम बरी न होणे. एका स्तनाचा आकार अलीकडे बदलणे. यांपैकी काहीही आढळले तर आठ-पंधरा दिवसांत डॉक्टरांकडे जावे. अंगावर पाजणाऱ्या बाईला दुधाची गाठ होऊ शकते, पण तीही दोन आठवड्यांत विरघळली नाही तर दाखवलीच पाहिजे. हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो, हे ध्यानात असू द्यावे.

घाबरून जाऊ नये. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती साधी आणि कोणती वाईट, हे शेजारणीने किंवा आपण स्वतः हात लावून ठरवायचे नसते. हाताने तपासणी, मग सोनोग्राफी अथवा मॅमोग्राफी, आणि शेवटी सुईने तुकडा काढून तपासणी, असा क्रम आहे. सुई टोचल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. गाठीवर पाला बांधणे, शेकणे, डाग देणे यात फक्त वेळ जातो.

लपवण्याचे कारण

गाठ लपवण्याला कारणे असतात. पुरुष डॉक्टरांपुढे लाज वाटते. खर्चाची धास्ती असते. आणि सर्वांत खोलवरची भीती म्हणजे "घराण्यात रोग आहे म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल?" भगिनींनो, हा रोग एकमेकींच्या संसर्गाने होत नाही. ब्लाऊजमध्ये पैसे ठेवल्यानेही होत नाही. आनुवंशिक कारण शंभरातल्या साधारण पाच ते दहा रुग्णांतच असते. आई, मावशी किंवा बहिणीला तो झाला असेल तर डॉक्टरांना तसे जरूर सांगावे, म्हणजे तपासणी लवकर सुरू करता येते. लाज वाटत असेल तर महिला डॉक्टर किंवा परिचारिका समोर असावी असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मुंबईतला अनुभव

महागड्या यंत्राशिवाय काही होत नाही असे समजू नये. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या भागातील स्त्रियांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही.

आता सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी अशी तपासणी आहे. गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. घरीही महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर आठवड्याभरात, आरशासमोर पाहून व हाताने चाचपून आपल्या शरीराची ओळख ठेवावी. मात्र ती डॉक्टरी तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

पुढे कुठे जावे?

उपचारासाठी प्रत्येकाने मुंबईच गाठावी असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय ही आपल्या राज्यातली केंद्रे आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत मिळते. त्याचा दाखला रुग्णालयातून मागून घ्यावा. मुंबईत राहण्याची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती वर्षानुवर्षे बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देत आल्या आहेत.

मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो. पैशाची अडचण असो की मनाची, तिथे बोलावे. उपचार घेऊन बरी झालेली एखादी बाई भेटली तर तिच्याजवळ बसावे. केस गेले तर परत येतात का, कामाला केव्हा लागता येते, हे ती आपल्या भाषेत सांगते आणि त्याने धीर येतो.

शेवटी घरातल्या पुरुषांना एक विनंती. बायको, आई, बहीण "काही नाही हो" म्हणाली तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाताच ना, तिलाही सोबत न्या आणि दवाखान्यात दाखवून या.