परदेशात डोंगरी सायकल घेताना

जर्मनीत फ्रायबुर्गला शिकायला आलो तेव्हा सायकलीसाठी माझ्याकडे २५० युरो होते. शहराला लागूनच शाउइन्सलांड हा १,२८४ मीटर उंचीचा डोंगर. तेवढ्या पैशांत पुढेमागे दोन्हीकडे शॉक असलेली नवीकोरी सायकल मिळाली आणि मी हुरळून गेलो. तिसऱ्या महिन्यात उतारावर मागचा एक्सल वाकला. वेग कमी होता म्हणून वाचलो.

दोष एक्सलचा नव्हता, रचनेचा होता. स्वस्त सायकलीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवतात. त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत राहते आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना उरतो. कॅसेट पद्धतीत ते बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ येते. वरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कॅडेट मित्रांनो, विकणाऱ्याला हे विचाराच.

पुन्हा पैसे साठवून जुनी, फक्त पुढे शॉक असलेली सायकल शोधली. पाहायला जाताना खिशात टेप नेली. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. अष्टमांश इंच जास्त भरल्या, तर चेनबरोबर मागची दातेरी चक्रेही गेली समजा. तेवढी रक्कम मी घासाघीस करून कमी करून घेतली. हँडलखालच्या वेल्डिंगला चीर नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. फ्रेमवरचा क्रमांक जुन्या पावतीशी ताडला.

उरलेल्या पैशांत ब्रेकचे पॅड, तारा आणि कुलूप घेतले. त्यात सर्वांत महाग कुलूप पडले.